दाखल्यावरचा देश

ताश्कंद हे नाव आमच्या घरात नेहमी आवाज खाली आणून घेतले जाई. माझा जन्म लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर चार वर्षांनी झालेला. त्यामुळे ११ जानेवारी १९६६ ची ती सकाळ मी पाहिलेली नाही. पण वडिलांनी ती इतक्यांदा सांगितली होती, की ती मलाच आठवते आहे असे वाटावे. गल्लीतला एकुलता एक रेडिओ, त्याच्याभोवती जमलेली माणसे, आदल्याच दिवशी झालेला करार आणि त्या रात्रीच गेलेले पंतप्रधान. 'सलोखा करायला गेलेला माणूस परत आलाच नाही,' एवढे बोलून वडील थांबत. ताश्कंद म्हणजे जिथून माणसे परत येत नाहीत असे एक दूरचे, थंड गाव, ही समजूत माझ्या मनात पुष्कळ वर्षे होती.

पुढे इतिहास घेऊन एम. ए. केले. दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप वाचताना हे नाव पुन्हा भेटले, आणि तेही अगदी अनपेक्षित ठिकाणी. ग्रीसमधील यादवी युद्धाची हकिकत होती. शेवटी एक वाक्य होते, की पराभूत झालेल्यांपैकी हजारो लोक ताश्कंदला नेण्यात आले. ग्रीस कुठे आणि ताश्कंद कुठे! नकाशा काढून बोटाने अंतर मोजले. त्या वाक्याचा धागा धरून मी अधूनमधून वाचत राहिलो. १९८६ साली दूरदर्शनवर मॅराडोनाचा खेळ पाहून वेडावलेल्या पिढीतला मी. म्हणून असेल, पण तो धागा मला अखेर एका फुटबॉलपटूपाशी घेऊन गेला. त्याचे नाव वासिलिस हात्झिपानागिस. शास्त्रीजी ताश्कंदला गेले त्या हिवाळ्यात हा मुलगा त्याच शहरात होता आणि त्याचे वय होते ११ वर्षे.

त्याच्या खेळाविषयी ग्रीसमध्ये आजही दंतकथा सांगितल्या जातात. मला मात्र त्याच्या आयुष्याची पहिली २१-२२ वर्षेच अधिक महत्त्वाची वाटतात. सारे काही घडायचे ते त्या काळातच घडून गेले. उरले ते त्याचे परिणाम.

प्रथम ही माणसे तिथे पोहोचली कशी ते पाहू. १९४१ ते १९४४ ग्रीस जर्मनांच्या व त्यांच्या मित्रराष्ट्रांच्या ताब्यात होता. उपासमारीने माणसे रस्त्यात मरून पडत होती. त्या काळात डोंगरात राहून शत्रूशी लढणाऱ्यांत कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालचे दल सर्वांत मोठे होते. जर्मन गेले, आणि देश कोणाचा यावर घरातच भांडण पेटले. १९४६ पासून त्याला उघड युद्धाचे रूप आले. सरकारच्या पाठीशी आधी ब्रिटन आणि मार्च १९४७ मधील ट्रूमन यांच्या घोषणेनंतर अमेरिका उभी राहिली. बंडखोरांची भिस्त उत्तरेकडच्या शेजाऱ्यांवर होती. पण टिटो आणि स्टालिन यांचे फाटले, आणि जुलै १९४९ मध्ये टिटोने युगोस्लाव्हियाची सीमा बंद केली. ऑगस्टमध्ये ग्रामोस आणि वित्सीच्या डोंगरांत बंडखोरांचा निर्णायक पराभव झाला. उरलेले सैनिक सीमा ओलांडून अल्बानियात उतरले.

पराभूतांना ठेवायचे कुठे? सोव्हिएत सरकारने उत्तर काढले ते ताश्कंद. सुमारे १२,००० ग्रीक लढवय्ये, पुरुष आणि स्त्रियाही, समुद्रमार्गे आणि मग आगगाडीने मध्य आशियात पोहोचवले गेले. समुद्रकाठची, ऑलिव्हच्या झाडांखाली वाढलेली ही माणसे कापसाच्या मुलखात आली. त्यांच्यासाठी शहराच्या निरनिराळ्या भागांत वसाहती उभ्या राहिल्या, कारखान्यांत कामे मिळाली, ग्रीक वर्तमानपत्र निघू लागले. 'पुढच्या वर्षी परत जाऊ' असे म्हणत त्यांनी पहिले हिवाळे काढले असतील. निर्वासित माणूस सामान पूर्ण सोडत नाही. एक ट्रंक नेहमी बांधलेली ठेवतो.

पण परतीचे दार मागून बंद झाले होते. ग्रीक सरकारने हजारो परागंदा लोकांचे नागरिकत्व काढून घेतले. कम्युनिस्ट पक्ष तर १९४७ सालीच बेकायदा ठरला होता. म्हणजे ही माणसे ग्रीक बोलत, ग्रीक जेवत, ग्रीक गाणी म्हणत. आणि कागदोपत्री ती कोणाचीच नव्हती. त्यात आपसातही फूट पडली. सप्टेंबर १९५५ मध्ये पक्षाच्या दोन गटांत ताश्कंदच्या रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या. देश गेला तरी तट गेले नव्हते.

अशा एका निर्वासित घरात २६ ऑक्टोबर १९५४ रोजी वासिलिसचा जन्म झाला. त्याच्या आडनावातच एक प्रवास आहे. 'हात्झी' म्हणजे आपल्या परिचयाचा 'हाजी'. तुर्की अंमलाखाली जे ग्रीक ख्रिस्ती जेरुसलेमची यात्रा करून येत, ते आपल्या नावामागे हा शब्द लावीत. यात्रा करून घरी परतलेल्याचे हे बिरुद. आणि ते धारण करणारा मुलगा जन्मला ते घरापासून हजारो मैल दूर, परतीची वाट बंद असलेल्या माणसांत.

मुलगा तिथल्या इतर मुलांसारखाच वाढला. घरात ग्रीक, बाहेर रशियन, बाजारात कानावर पडणारी उझबेक. २६ एप्रिल १९६६ रोजी, ताश्कंद करारानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, त्या शहराला भूकंपाने हादरवले. सुमारे ३ लाख लोक बेघर झाले. पुढची काही वर्षे शहर नव्याने बांधले जात होते. सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रांतांतून कामगार आले, मोकळ्या जागा निर्माण झाल्या आणि त्या जागांवर मुले चेंडू खेळली.

वासिलिस डावखुऱ्या पायाचा होता. हुलकावणी देणे हा त्याच्या खेळाचा प्राण. चेंडू पायाशी ठेवून तो समोरच्याला एका बाजूला झुकवी आणि दुसऱ्या बाजूने निघून जाई. मग थांबे आणि त्याच माणसाला पुन्हा चकवी. सोव्हिएत फुटबॉलमध्ये शिस्त, दमसास आणि सांघिक चाली यांना मान होता. त्यात हा मुलगा वेगळा दिसे. सतराव्या वर्षी शहरातल्या तिन्ही मोठ्या क्लबांचे डोळे त्याच्यावर होते. त्याने निवडला पाख्ताकोर.

पाख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. हा क्लब १९५६ साली स्थापन झाला. १९६८ मध्ये सोव्हिएत चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत त्याने मजल मारली होती. मॉस्को आणि कीव्हच्या बलाढ्य संघांपुढे हा तसा आडबाजूचा संघ. पण त्याची एक गंमत होती. उझबेक, रशियन यांच्याबरोबर मिखाईल आन नावाचा एक कोरियन तरुण त्याचा कणा होता. १९३७ मध्ये स्टालिनने अतिपूर्वेकडील कोरियन लोकांना एका हुकमाने उचलून मध्य आशियात आणून टाकले होते. आन त्या समाजातला. कोरियन आणि ग्रीक, दोघेही दुसऱ्याच कोणाच्या निर्णयाने ताश्कंदकर झालेले, कापूस पिकवणाऱ्यांच्या नावाचा सदरा घालून एकमेकांकडे चेंडू देत होते. इतिहासाच्या पुस्तकात हे चित्र येत नाही. यायला हवे.

इथेच तो कागद आला. सोव्हिएत साखळी स्पर्धेत परदेशी खेळाडूला मज्जाव होता. वासिलिस तोवर कायद्याने निर्वासितच होता. खेळायचे असेल तर सोव्हिएत नागरिकत्व घ्यावे लागणार होते, आणि त्याने ते घेतले. सतरा वर्षांचा मुलगा, समोर हिरवे मैदान, हातात लेखणी. त्याने दुसरे काय करायला हवे होते? ज्या देशाने त्याच्या लोकांना नावे खोडून बाहेर ठेवले होते, त्याच्या आशेवर घरी बसून राहायचे?

१९७२ च्या त्या पहिल्याच हंगामात पाख्ताकोर दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत चढला. तीन-चार हंगामांत वासिलिस सुमारे १०० सामने खेळला, वीसहून अधिक गोल केले. डाव्या बाजूच्या खेळाडूंत ओलेग ब्लोखिनच्या पाठोपाठ त्याचे नाव घेतले जाऊ लागले. ब्लोखिन म्हणजे कोण, तर १९७५ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा. त्याच वर्षी त्याच्या डायनॅमो कीव्हने युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला होता. थोडक्यात, सोव्हिएत फुटबॉल तेव्हा भरात होते, आणि त्यातल्या पहिल्या रांगेत हा ग्रीक मुलगा येऊन उभा होता.

साहजिकच त्याला सोव्हिएत संघाचे बोलावणे आले. आधी युवा संघ, मग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या पात्रता फेरीसाठी ऑलिंपिक संघ. त्याने चार सामने खेळले, युगोस्लाव्हियाविरुद्ध एक गोलही केला. ज्या युगोस्लाव्हियाने सीमा बंद करून त्याच्या आईबापांच्या पिढीचा घात केला, त्याच्याविरुद्ध! अर्थात मैदानावरच्या मुलाला असले हिशेब सुचत नसतात. ते आपल्यासारख्या इतिहासाच्या मास्तरांना सुचतात.

या काळात ग्रीसमध्ये उलथापालथ झाली. २१ एप्रिल १९६७ रोजी सत्ता बळकावलेली लष्करी राजवट जुलै १९७४ मध्ये कोसळली. सप्टेंबरमध्ये कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली. ताश्कंदच्या वसाहतींत २५ वर्षे बांधून ठेवलेल्या ट्रंका पुन्हा दिसू लागल्या. सगळ्यांना लगेच जाता येणार नव्हते. सरसकट परवानगी मिळायला डिसेंबर १९८२ उजाडले, आणि तीही 'वंशाने ग्रीक' असलेल्यांनाच. त्याच युद्धात लढलेल्या स्लाव्ह भाषा बोलणाऱ्यांना ती नाकारली गेली. पण नावाजलेल्या फुटबॉलपटूसाठी दार लवकर उघडले. थेस्सालोनिकी शहरातील इराक्लिस या १९०८ सालच्या जुन्या क्लबने त्याला बोलावले.

ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक कोन्स्तान्तिन बेस्कोव यांनी त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. ग्रीक फुटबॉल फार मागे आहे, तिथे तुझे गुण वाया जातील, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते. १९७१ मध्ये पानाथिनाइकोसने फेरेंत्स पुश्काश यांच्या मार्गदर्शनाखाली युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली, तो अपवाद वगळला तर ग्रीसच्या नावावर फारसे काही नव्हते. राष्ट्रीय संघ तोवर एकाही विश्वचषकात पोहोचलेला नव्हता. तिथली साखळी स्पर्धा पूर्ण व्यावसायिक झाली तीही १९७९ मध्ये. खेळाडू म्हणून हिशेब केला असता तर वासिलिसने ताश्कंद सोडायलाच नको होते, किंवा सोडून कीव्हला अथवा मॉस्कोला जायला हवे होते. पण त्याने कधीही न पाहिलेल्या मायदेशाची वाट धरली. १९७५ च्या अखेरीस, २१ वर्षांचा असताना, तो थेस्सालोनिकीला उतरला.

शहरही त्याला साजेसेच मिळाले. १९१२ पर्यंत थेस्सालोनिकी तुर्की साम्राज्यात होते. १९२३ नंतर आशिया मायनरमधून हुसकावलेले ग्रीक निर्वासित तिथे लोंढ्याने आले. शहरातला पाओक हा दुसरा मोठा क्लब अशाच निर्वासितांनी १९२६ मध्ये काढलेला. दुरून आलेल्याला आपला म्हणणे या शहराला नवे नव्हते. त्याचा खेळ पाहायला काफ्तान्झोग्लिओ मैदानावर गर्दी लोटू लागली. वृत्तपत्रांनी त्याला 'फुटबॉलमधला नुरेयेव' म्हटले. १९६१ मध्ये पॅरिसला सोव्हिएत चमूतून निसटलेला नर्तक नुरेयेव. उपमेत पायांचे कौतुक होते आणि देश सोडल्याची आठवणही.

६ मे १९७६ रोजी अथेन्समध्ये ग्रीस विरुद्ध पोलंड असा मैत्रीपूर्ण सामना झाला. पोलंड म्हणजे १९७४ च्या विश्वचषकात तिसरा आलेला संघ. वासिलिसने त्या दिवशी ग्रीसचा सदरा अंगावर घातला, आणि ग्रीस १-० असा जिंकला. ९ जून रोजी इराक्लिस आणि ऑलिंपियाकोस यांच्यात ग्रीक चषकाचा अंतिम सामना झाला. त्याने दोन गोल केले. जादा वेळेनंतर ४-४ अशी बरोबरी राहिली आणि पेनल्टी किकवर इराक्लिसने ६-५ असा चषक जिंकला. ताश्कंदहून आल्याला पुरते वर्षही झाले नव्हते. एवढे देखणे घरी परतणे कादंबरीतही पटले नसते.

पण पोलंडविरुद्धचा तो सामना त्याचा ग्रीससाठीचा पहिला आणि खेळाच्या उमेदीतला शेवटचा सामना ठरला. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेच्या नियमावर बोट ठेवले गेले, की एका देशाच्या संघातून अधिकृत सामने खेळलेल्याला दुसऱ्या देशाकडून खेळता येत नाही. सोव्हिएत ऑलिंपिक संघातले ते चार सामने आडवे आले. पूर्वी असे नव्हते. दि स्तेफानो अर्जेंटिनाकडून खेळून मग स्पेनकडून खेळला, पुश्काश हंगेरीकडून खेळून स्पेनकडून खेळला. असे प्रकार वाढले म्हणून १९६० च्या दशकात हा मार्ग बंद करण्यात आला होता. नियम अन्यायाने केलेला नव्हता. श्रीमंत देशांनी खेळाडू पळवू नयेत म्हणूनच तो होता. पण पळवलेला कोण आणि परतलेला कोण हे ओळखण्याची सोय त्यात नव्हती.

विचित्र म्हणजे दोन्ही देशांनी त्याला गमावले. त्याच उन्हाळ्यात माँट्रियलला सोव्हिएत संघाने कांस्यपदक मिळवले. पाख्ताकोरमधला त्याचा जुना सहकारी व्लादिमिर फ्योदोरोव त्या संघात होता. वासिलिस तिथे नव्हता. १९८० मध्ये ग्रीस प्रथमच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेला पात्र ठरला. वासिलिस तिथेही नव्हता.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. लात्सिओ, आर्सेनल, स्टुटगार्ट अशा क्लबांची नजर त्याच्यावर गेली, पण कराराने तो इराक्लिसला बांधलेला होता आणि क्लब त्याला सोडीना. १९८० मध्ये एका लाचेच्या प्रकरणावरून इराक्लिसची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली. तो तिथेही खेळला आणि वर्षभरात क्लब वर आला. कॉर्नरवरून चेंडू थेट जाळ्यात वळवण्याची त्याची कला याच काळातली. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक संघातून बेकेनबाउअर, केम्पेस, कीगन यांच्या पंगतीला तो एकदा बसला. १९९० मध्ये तो निवृत्त झाला, त्याच क्लबमधून.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगता येत नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी युक्रेनच्या आकाशात दोन प्रवासी विमानांची टक्कर झाली. १७८ माणसे मेली. त्यांत पाख्ताकोर संघातील १७ जण होते. मिखाईल आन गेला, फ्योदोरोव गेला. वासिलिस ताश्कंदलाच राहिला असता तर? या प्रश्नाला इतिहासात जागा नाही, हे मी वर्गात नेहमी सांगतो. तरी ही यादी वाचताना मी थांबलो होतो. ज्या निर्णयाने त्याची कारकीर्द खुंटली असे सगळे म्हणतात, त्या निर्णयाच्या दुसऱ्या पारड्यात काय होते, हे सांगणे कोणालाच शक्य नाही.

आता हे सगळे मला इतके का लागले, ते सांगतो. शाळेत माझ्या टेबलावर जून महिन्यात दाखल्यांची चळत असते. नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, मातृभाषा. रकाने भरायचे, खाली सही करायची. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नुकताच शिक्षक झालो होतो तेव्हा, आमच्याकडे दुसऱ्या गावच्या शाळेतून एक मुलगा आला. फुटबॉल फार छान खेळे. निवड चाचणीचा अर्ज मी भरला. दाखल्यावरची तारीख आणि आमच्या रजिस्टरातली तारीख यांत एका वर्षाचा फरक होता, तो मी पाहिला नाही. मैदानावर पोहोचल्यावर कागद तपासणाऱ्यांनी तो पाहिला आणि मुलाला बाजूला बसवले. तो दिवसभर सीमारेषेबाहेर बूट घालून बसून होता. परतताना एसटीत त्याने मला एकच विचारले, 'सर, मग माझे खरे वय कोणते?' मी उत्तर दिले नाही. चूक माझी होती, हे त्याला सांगायचे धैर्य मला पुढे दोन वर्षांनी झाले.

वासिलिसच्या दाखल्याची मी कधीकधी कल्पना करतो. जन्मस्थळ ताश्कंद. मातृभाषा ग्रीक. राष्ट्रीयत्व? १९५४ मध्ये या रकान्यात काही लिहिता आले नसते. १९७२ मध्ये एक देश लिहिला गेला, १९७६ मध्ये दुसरा लिहायला घेतला आणि आधीचा पुसला जाईना. मुलगा मात्र सगळा वेळ तोच होता. तोच डावा पाय, तीच हुलकावणी. मोठ्यांच्या युद्धाचा, तहाचा आणि नियमांचा हिशेब शेवटी एका पोराच्या सहीवर येऊन थांबला, आणि त्या सहीला क्षमा नव्हती. २००४ पासून फुटबॉल संघटनेने दोन देशांच्या खेळाडूंसाठी हे नियम टप्प्याटप्प्याने सैल केले. शहाणपण आले, पण एकाचे तारुण्य सरल्यावर.

१४ डिसेंबर १९९९ रोजी ग्रीसने त्याला पुन्हा एकदा राष्ट्रीय संघाचा सदरा दिला. समोर घानाचा संघ होता. वासिलिस तेव्हा ४५ वर्षांचा होता. तो सुमारे २० मिनिटे खेळला आणि मैदानाबाहेर आला. पहिल्या आणि दुसऱ्या सामन्यात २३ वर्षांचे अंतर. २००३ मध्ये त्याच्या देशाने गेल्या ५० वर्षांतील आपला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली. ज्याने देशासाठी उमेदीत एकच सामना खेळला, तो सर्वोत्तम! ग्रीकांनी हे नाव निवडताना रजिस्टर उघडून पाहिले नसावे.

वडील आज नाहीत. असते तर मी त्यांना सांगितले असते, की ताश्कंदहून एक माणूस परत आला होता. यंदा जूनमध्ये दाखल्यांवर सह्या करताना मी प्रत्येक तारीख रजिस्टराशी दोनदा ताडून पाहिली. आमच्या कारकुनांना वाटले, साहेबांची नजर कमी झाली.